राउटर बदलण्याआधी भिंतीकडे बघा

मुंबईच्या उपनगरांत घरचं नेट अडखळायला लागलं की दोन सल्ले हमखास मिळतात. कंपनीचा मुलगा म्हणतो, 'प्लॅन वाढवा.' दुकानदार म्हणतो, 'राउटर जुना झालाय, सहा अँटेनावाला घेऊन जा.' दोन्ही सल्ल्यांत सांगणाऱ्याचा धंदा आहे. आतल्या खोलीत पिक्चर मध्येच का थांबतो, हे मात्र दोघांपैकी कुणीच तिथे उभं राहून पाहिलेलं नसतं.

म्हणून दोनशे मेगाबिटचं बिल भरणाऱ्या घरात बेडरूममधल्या फोनला वीसही मिळत नाहीत, असं सर्रास होतं. सोसायटीपर्यंत पाणी आणणं पालिकेचं काम आणि नळापर्यंतचं प्लंबिंग घरमालकाचं, तशीच ही विभागणी आहे. कंपनी दारापर्यंत वेग विकते. पुढे तो खोल्याखोल्यांत कसा पोचावा याची जबाबदारी ग्राहकावर पडते. पण त्यासाठी लागणारी माहिती त्याला ना कंपनी देते, ना दुकान, ना घर बांधणारा बिल्डर.

हा प्रश्न तसा ताजा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा मोडेम हा कॉम्प्युटरला जोडलेला, फोनची लाइन अडवून किर्र आवाज करणारा प्रकार होता. एका घरात एकच कॉम्प्युटर, त्यामुळे वेग वाटायचा कुणाला हा प्रश्नच नव्हता. २००५ च्या सुरुवातीला एमटीएनएलचं 'ट्रायबँड' आलं आणि तांब्याच्या त्याच टेलिफोन तारेवरून ब्रॉडबँड घरात शिरलं. योगायोग असा, की त्याच वर्षी २८ जानेवारीला केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. घरोघरी वायफाय लागायला कायद्याची वाट मोकळी झाली ती तेव्हा. मग मोडेम आणि राउटर एकाच डब्यात आले, आणि दोघांची कामं वेगळी आहेत हे लोक विसरूनही गेले.

बदली डबा निवडताना पहिली अडचण इथेच येते. मोडेमचं काम बाहेरून आलेला संदेश घरातल्या यंत्रांना कळेल असा करणं. राउटरचं काम तो घरात वाटणं. कोणता डबा लागेल हे खिडकीतून आत आलेली तार ठरवते. टेलिफोनची बारीक जोडतार असेल तर एडीएसएल मोडेम लागतो. टीव्हीच्या केबलसारखी जाड, गोल, काळी तार असेल तर केबल मोडेम लागतो. घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या जुन्या इमारतींत लहान कंपन्यांनी जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या स्विचमधून थेट लॅन वायर ओढून दिली होती. तिथे मोडेम लागतच नाही, नुसता राउटर पुरतो. आणि आता बहुतेक ठिकाणी दिसते तशी, टोकाला हिरवी पिन असलेली बारीक तार आली असेल, तर ती फायबर. तिच्यासाठी प्रकाशाचा संदेश वाचणारा डबा लागतो, ज्याला कंपन्या ओएनटी म्हणतात.

हा ओएनटी बाजारातून मनाने उचलून आणण्यात अर्थ नसतो. फायबरच्या प्रचलित पद्धतीत कंपनीच्या एका मुख्य यंत्राची साधारण अडीच गिगाबिटची एक शाखा बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेली असते, आणि कोणता डबा आपला हे ते यंत्र डब्याच्या नोंदवलेल्या क्रमांकावरून ओळखतं. नोंद नसलेला डबा लावला तर दिवे लागतील, नेट लागणार नाही. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर दोष बहुधा तारेत आहे: कुठे तरी ती तुटली, दुमडली किंवा उंदराने कुरतडली. अशा वेळी राउटर बदलणं म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणं.

दोष कुठे आहे हे शोधायला इंजिनीअर लागत नाही. लॅपटॉप लॅन वायरने थेट कंपनीच्या डब्याला जोडायचा आणि वेग मोजायचा. तिथेच वेग कमी असेल तर भांडण कंपनीशी. तिथे पूर्ण आणि आतल्या खोलीत निम्म्याहून कमी असेल, तर भांडण आपल्या भिंतींशी. दुकानात जाण्याआधी करायची ही एकच परीक्षा आहे, आणि नेमकी तीच कुणी करत नाही.

नवा राउटर घ्यायचाच असं ठरलं, तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याने भुलू नये. 'एसी १२००' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मेगाबिट यांची गोळाबेरीज असते. कोणताही एक फोन एका वेळी ही बेरीज वापरत नाही. खरी मेख मागच्या बाजूला आहे. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही राउटर 'एसी १२००' म्हणून विकले गेले. पण सी५० च्या मागची भोकं शंभर मेगाबिटची, सी६ ची हजार मेगाबिटची. दोनशेचा प्लॅन घेऊन सी५० लावणाऱ्याच्या घरात, अँटेना कितीही असोत, शंभरावर वेग जाणारच नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत '१०/१००' लिहिलंय की 'गिगाबिट', एवढं वाचायला अर्धं मिनिट लागतं. किमतीतला फरक पाहता पन्नासच्या वरचा प्लॅन असलेल्या घराने गिगाबिटखालचा राउटर घेऊच नये.

वरच्या टोकाला मात्र हात आखडता घ्यायला हरकत नाही. नेटफ्लिक्स आपल्या सर्वांत स्पष्ट, म्हणजे फोर-के चित्रासाठी १५ मेगाबिट पुरेसे सांगतं. चौघांच्या घराला शंभर मेगाबिट आणि एक बरा वायफाय ६ राउटर पुष्कळ झाला. जानेवारी २०२४ पासून प्रमाणित होऊ लागलेल्या वायफाय ७ ची मोठी जाहिरात चालते; पण त्याची खरी मजा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. अमेरिकेने तो पट्टा एप्रिल २०२० मध्ये खुला केला. आपल्याकडे नियमांचा मसुदाच मे २०२५ मध्ये आला, तोही ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ एवढ्या खालच्या भागापुरता. सुट्टीला येणाऱ्या भाच्याला न्यू जर्सीहून भारी राउटर आणायला सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. तिकडे स्वतःचा केबल मोडेम विकत घेण्याची पद्धत आहे, म्हणून तो मोडेमही आणायला सांगाल, तर इथल्या फायबरला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

आता भिंतीकडे वळू. उपनगरांतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत आतल्या भिंती चार इंची विटांच्या. त्यातून ५ गिगाहर्ट्झची लहर दमत का होईना, पलीकडे जाते. पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या अनेक टॉवरांत अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून, ज्याला साइटवर सगळे 'मायवान' म्हणतात त्या पद्धतीने, आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या ओततात. बांधकाम झटपट होतं, भिंत सरळसोट येते आणि वायफाय तिथेच अडकतं. मुलुंडच्या एलबीएस रोडवर असो की घाटकोपरच्या पंतनगरात, जुन्या घरात एका राउटरवर भागत होतं आणि नव्या, मोठ्या घरात भागत नाही, याचं कारण राउटर म्हातारा झाला हे नसतं.

त्यात डबा बसतो कुठे? तार जिथून आत येते तिथे: दाराच्या वर, चपलांच्या कपाटात, टीव्हीच्या मागे, नाहीतर माळ्यावर सुटकेसांच्या आड. कंपनीच्या मुलाला दिवसभरात पुष्कळ घरं उरकायची असतात. तो हॉलच्या कोपऱ्यात चार स्क्रू मारून जातो. त्याच मुलाला पंधरा मीटर जास्तीची तार घरातल्या मधल्या पॅसेजपर्यंत न्यायला लावली, वर त्याचे वेगळे पैसे दिले, तरी ते नव्या राउटरपेक्षा स्वस्त पडतं. लांब घरात दुसरा डबा लागतोच. तो बिनतारी रिपीटर असेल तर एकाच लहरीवर ऐकायचं आणि बोलायचं असल्याने वेग साधारण निम्म्यावर येतो. दोन्ही डब्यांमध्ये पट्टीतून लॅन वायर टाकली, तर तो घसरत नाही. इलेक्ट्रिशियनचं ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. दोन-तीन डबे मिळून एकच वायफाय देणाऱ्या महागड्या मेश संचालाही खरा दम याच वायरीने येतो.

दाटीचाही परिणाम आहेच. अंधेरीत कुठेही फोनवर वायफायची यादी उघडली की अख्ख्या मजल्याची आडनावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्यांचे दहा राउटर त्याच तिघांवर बसलेले, वर स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच लहरीवर. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा मोकळा केला तो याच कोंडीसाठी उपयोगी आहे. फोन आणि टीव्ही ५ वर, बल्ब आणि कॅमेरे २.४ वर, अशी वाटणी केली की बऱ्याच घरांत नवीन खरेदी टळते.

राउटर खरोखर बदलायचाच, याला दोन पक्की कारणं आहेत. पहिलं म्हणजे कंपनीने त्याचे सॉफ्टवेअर अपडेट देणं बंद केलेलं असणं. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो मोडेमना मालवेअरने ग्रासलं. कारखान्यातून आलेला 'अ‍ॅडमिन' हाच पासवर्ड ज्यांनी ठेवला होता, ते सापडले. बंद पडलेला मोडेम निदान दिसतो. आतून दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला दिसतही नाही. दुसरं कारण, डबा सारखा आपोआप बंद-चालू होणं. मात्र तिथेही आधी अडॅप्टर तपासावा. १२ व्होल्ट, दीड अँपिअर मागणाऱ्या डब्याला कुणी तरी जुन्या सेट-टॉप बॉक्सचा एक अँपिअरचा अडॅप्टर लावलेला असतो, आणि खापर राउटरवर फुटतं. अडॅप्टर बदलताना त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे ना, हेही पाहावं. नेट जाण्याचं कारण कधी नुसती वीजही असते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांच्या मीटिंगा जिथल्या तिथे थांबल्या. राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस ही त्यानंतर अनेक घरांनी केलेली शहाणपणाची खरेदी.

हे सगळं ग्राहकाने करायचं. मग कंपन्यांनी काय करायचं? फायबरचा डबा कंपनीचा, कनेक्शन सोडताना परत द्यायचा, हे ठीक. पण त्याच डब्यात राउटर आणि वायफाय कोंबून तेच वापरायची सक्ती का? डबा 'ब्रिज मोड'ला टाकून दिला, की तो फक्त प्रकाशाचा संदेश उलगडतो आणि पुढचं सगळं घरच्या राउटरवर सोपवतो. मागणी केली तर काही ठिकाणी हे करून मिळतं, काही ठिकाणी कस्टमर केअरला शब्दच ऐकून माहीत नसतो. तूर्त कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करून त्याच्या लॅनला आपला राउटर जोडणं हा मधला मार्ग आहे, आणि तो बहुतेक घरांना पुरतो.

जर्मनीत हाच वाद कायद्यापर्यंत गेला. कंपन्यांचं म्हणणं होतं की त्यांचं जाळं त्यांच्या डब्यापाशी संपतं, म्हणून डबा त्यांचाच हवा. १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या कायद्याने सांगितलं, जाळं भिंतीतल्या जोडणीपाशी संपतं. पुढे कोणता मोडेम, कोणता राउटर लावायचा हे ग्राहक ठरवेल आणि लागणारा पासवर्ड, तांत्रिक तपशील कंपनीने न मागता द्यायचा. आपल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायनेही, निदान एवढं करावं: ग्राहकाला ब्रिज मोड मागता यावा, आणि कनेक्शनच्या बिलावर आपला राउटर जोडताना भरावं लागणारं पीपीपीओई युजरनेम, व्हीलॅन क्रमांक आणि डब्याच्या भोकांचा वेग छापून यावा.

ट्रायने एक पाऊल उचललंच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकित मानांकन देण्याचे नियम त्याने अधिसूचित केले. हे मानांकन ऐच्छिक आहे, म्हणजे बिल्डर आपण होऊन घेईलच असं नाही. त्याला ते घ्यायला लावण्याची ताकद आज कुणात असेल तर ती पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांत. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत विशेष सर्वसाधारण सभांमध्ये कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार, कॉर्पस किती, भाडं किती, किचनच्या ओट्याला कोणता दगड, यावर रात्री अकरापर्यंत घासाघीस होते. करारात आणखी तीन ओळी घालून घेतल्या तर बिल्डरचा खर्च नगण्य आहे: दारापाशी फायबर उतरायला विजेच्या प्लगसह एक खण, तिथून प्रत्येक खोलीत कन्सील्ड पाइपमधून एक लॅन वायर, आणि एकाहून अधिक कंपन्यांना तार आणता येईल अशी जिन्यालगतची मोकळी डक्ट. काँक्रीट ओतल्यावर हे काम भिंत फोडून किंवा पट्ट्या मारूनच करावं लागतं. त्यामुळे ज्या सोसायट्यांचे करार अजून सही व्हायचे आहेत, त्यांच्या कमिट्यांनी हा मुद्दा पुढच्याच सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.