लेकरू बॉण्डवर लिहून देता येत नाही!



नवरा-बायकोचं पटेनासं झालं की आपल्याकडं बैठक बसते. दोन्हीकडचे पाहुणे येतात, आंदणाच्या भांड्यांची यादी होते आणि शेवटी बॉण्ड निघतो. त्यात एक ओळ असते : ‘मुलावर माझा कसलाही हक्क राहणार नाही.’ खाली बाईचा अंगठा.

अशा एका बॉण्डवर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे. चार वर्षांचं पोरगं आईचा पदर धरून उभं होतं. “तू ऊसतोडीला जाणार, लेकराला काय खाऊ घालशील?” एवढंच तिला विचारलं गेलं. ती गप्प राहिली आणि आम्हीही. अंगठा दिल्यावर तिनं पोराला उचललं, तेव्हा शाईचा निळा डाग त्याच्या सदऱ्यावर उमटला. तोच सदरा घालून ते बापाच्या जीपमध्ये बसलं.

त्या दिवशी मला जे माहीत नव्हतं, ते आज गावाला सांगतो.

लेकराचा ताबा ठरवण्याचा अधिकार बैठकीला नाही. आई-बापानं काहीही लिहून दिलं, तरी न्यायालय त्याला बांधील नसतं. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा सर्व धर्मांच्या लेकरांना लागू आहे आणि त्यात पाहायचं असतं ते लेकराचं हित. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 सालचा. पाच वर्षांच्या आतलं लेकरू सामान्यतः आईजवळच राहावं, असं तो सांगतो. गोव्यातल्या एका तान्ह्या बाळाच्या खटल्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की एवढ्या लहान बाळासाठी आई अयोग्य आहे असं म्हणणाऱ्या बापानं ते सिद्ध करावं. आणि बापाकडं पैसा जास्त, एवढ्यावर ताबा मिळत नाही. मग ऊसतोड हा गुन्हा कधीपासून झाला?

बापाची माया मी नाकारत नाही. ताबा आईकडं असला तरी त्याला भेटीचे दिवस न्यायालय ठरवून देतं. बैठकीत आईला असा एक दिवस तरी कुणी ठरवून देतं का?

“पण वकिलाला पैसा कुठून आणायचा?” बायांनो, वकील फुकट मिळतो, आणि ती कुणाची मेहेरबानी नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार प्रत्येक बाईला तो हक्क आहे. तिला उत्पन्नाची अट नाही, तशीच अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही नाही. कोर्ट फी आणि टायपिंगचा खर्चही त्यातच येतो.

जिंतूरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, परभणीला जिल्हा प्राधिकरण आहे. 15100 हा कायदेशीर मदतीचा फोन क्रमांक आहे. घरात मारहाण, छळ झाला असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तुम्ही माहेरी राहत असाल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडं लेकराचा तात्पुरता ताबा मागता येतो. निकालापर्यंत वाट पाहावी लागत नाही.

माझं मागणं :

1. बैठकीतल्या थोरांनी लेकराबद्दलची ओळ बॉण्डवर लिहू नये. साक्षीदारांनी अशा कागदावर सही करू नये.
2. ग्रामपंचायतीनं 15100 हा क्रमांक भिंतीवर ठळक रंगवावा.
3. तालुका समितीनं चारठाण्यात कायदेविषयक शिबिर घ्यावं, आणि ते ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी.

ज्या आईनं आधीच लिहून दिलंय, तिनंही खचू नये. जिंतूरच्या समितीकडं जावं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं. तिथं तुमचं म्हणणं लिहून घेतात आणि खाली अंगठा घेतात. एका अंगठ्यानं लेकरू दुरावलं, दुसऱ्या अंगठ्यानं त्याच्यासाठी दाद मागा. सोबत कुणी नसेल तर मी येतो. त्या सहीचं एवढं देणं माझ्यावर आहे.

आपला,
बॉण्डवर सही केलेला एक साक्षीदार
चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी