पाइप गाडण्याआधी हिशेब मांडा



आपल्यापैकी काहींचे नातलग मुंबईत वर्सोव्याला राहत असतील. भातसा-वैतरणेकडच्या धरणांचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून मुंबईत येते, अंधेरीला वेरावलीच्या टाकीत साठते आणि मग समुद्रकाठच्या त्या वस्तीपर्यंत पोचते. वाटेत फाटे पाणी घेतात, घर्षणाने दाब घटतो. शेवटच्या नळाला किती उरेल, हे गणिताशिवाय कळत नाही. आपल्या उपसा योजनेवरचा शेंड्याचा शेतकरीही याच पंगतीतला.

आपल्याकडे मात्र पाइपचे माप बहुधा हातातल्या पैशावर ठरते. उदाहरण घ्या. पाणी सेकंदाला 40 लिटर, लांबी 2 किलोमीटर, पाइप पीव्हीसीचा. आतला व्यास 200 मिलिमीटर असेल तर नुसत्या घर्षणात सुमारे 15 मीटर दाब जातो. 250 मिलिमीटर असेल तर 5 मीटर. मधले 10 मीटर मोटारीने रोज ओढायचे! पंप-मोटारीची कार्यक्षमता 65 टक्के धरली, तर जादा 6 किलोवॉट. 8 तासांना 48 युनिट. पाइपचे पैसे एकदाच, विजेचे बिल योजना चालेल तोवर.

हा हिशेब हेझन-विल्यम्स सूत्राचा. संगणकावर पायथन भाषेत तो दहा-पंधरा ओळींत बसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने 1993 साली काढलेला ‘एपानेट’ प्रोग्राम तर फुकट मिळतो आणि त्यात सगळ्या फाट्यांचे जाळे मांडता येते. पण खरा उपयोग आलेखाचा. आडवे अंतर, उभी उंची. एक रेघ जमिनीची, दुसरी दाबाची. दाबाची रेघ जिथे जमिनीला टेकली, तिथे पाणी रखडले. हे न शिकलेल्या सभासदालाही दिसते.

‘एवढे शिकलेले कुठून आणायचे?’ असे कुणी म्हणेल. अहो, गावोगाव इंजिनिअरिंगची पोरे-पोरी आहेत, त्यांना सांगा. मात्र जमिनीची उंच-सखल मोजणी नीट करून द्या. ती चुकली तर आलेखही चुकला.

आमचे मत स्पष्ट आहे. हा हिशेब आणि आलेख सर्वसाधारण सभेत भिंतीवर लावल्याशिवाय कोणत्याही पाणीपुरवठा संस्थेने पाइपची खरेदी करू नये. शेंड्याच्या सभासदानेही शेअरची रक्कम इतरांएवढीच भरली आहे.