वजनकाट्याला न दिसणारा आजार

बुलिमिया घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण रुग्णाचे वजन बहुधा नेहमीसारखेच असते. चारचौघांत मुलगी नीट जेवते; एकटी असली की खाण्यावरचा ताबा सुटतो, मग ओकून टाकणे, मग कडक उपास. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. पुष्कळदा पहिला संशय येतो दंतवैद्याला: वरच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजलेली असते. रक्तातले पोटॅशियम घटले तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते.

लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये या आजाराचे वर्णन केले. आपल्याकडे अजूनही ‘थेरं’ म्हणून त्याची बोळवण होते, हे संतापजनक आहे. त्या लाजेपायीच उपचार लांबतात.

आणि उपचार लागू पडतात. मानसोपचाराची सुरुवात ठरल्या वेळी खाण्यापासून होते, कारण उपासच पुढच्या अतिखाण्याला खतपाणी घालतो. गरजेनुसार डॉक्टर फ्लुओक्सेटिन देतात. मध्येच पुन्हा तोल गेला तरी केलेले वाया जात नाही. घरच्यांनी ताटावर पहारा बसवू नये, ‘जाड झालीस’ हे तर आजच थांबवावे. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.