दिवा लागला म्हणून पार्ट बदलू नका

मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बनवणे बंद केले, तरी आपल्या भागात त्यांची चलती कमी झालेली नाही. २००७ सालची स्विफ्ट डिझेल, मागाहून आलेल्या डिझायर आणि रिट्झ, टाटांची इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आजही बेळगाव, खानापूर, चंदगडकडे धावताना दिसतात. या सगळ्यांच्या बॉनेटखाली फियाटच्या रचनेचे १२४८ सीसीचे एकच इंजिन आहे. त्यामुळे दुखणीही सारखीच, आणि त्यातले नेहमीचे दुखणे म्हणजे चालता चालता गाडी बंद पडणे.

गाडी बंद पडली की मीटरमधला पिवळा इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो, एक कोड वाचतो आणि त्या नावाचा पार्ट बदलायला सांगतो. घोटाळा इथेच होतो. वाचकहो, कोड म्हणजे निकाल नव्हे, ती नुसती तक्रार आहे. कॉम्प्युटरला कुठल्या सर्किटमध्ये काय विचित्र दिसले, एवढेच तो सांगतो. दोष सेन्सरचा, वायरचा की डिझेलचा, हे माणसानेच शोधायचे.

दोन उदाहरणे पाहू. ‘पी ००८७’ म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब कमी. हे ऐकून थेट पंप बदलण्याची घाई नको. आधी डिझेल फिल्टर पाहावा. तो तुंबला असेल किंवा त्यात पाणी साचले असेल, तर चढावर जोर लावताना दाब पडतो आणि गाडी आचके देत बंद होते. पाइपच्या जोडातून हवा आत येत असली तरी तेच होते. फिल्टर आणि पाइप ठीक निघाले, तर इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल चार बाटल्यांत घेऊन मोजावे. एक बाटली इतरांपेक्षा फारच लवकर भरली, तर तो इंजेक्टर दाब टिकू देत नाही. एवढे सारे झाल्यावर पंपाकडे वळावे.

‘पी ०३३५’ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड. क्रँक फिरतो आहे हे कॉम्प्युटरला कळले नाही, तर तो डिझेल सोडतच नाही. असा सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. चावी बंद केल्यासारखी गाडी एकदम थांबते आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होते. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल तर संशय बळावतो. तरीही नवा सेन्सर घेण्याआधी त्याचा प्लग काढून गंज, तेल आणि घासलेली वायर बघावी.

याउलट, सिग्नलला गाडी मंदावली की इंजिन थरथरत बंद होते आणि काळा धूरही येतो, तेव्हा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला आहे का ते पाहावे. पुष्कळदा साफसफाईने काम भागते.

म्हणून गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी कागदावर लिहा: गाडी गरम होती की थंड, चढावर की उभी असताना, एकदम की आचके देत, आणि डिझेल कधी भरले होते. ही टाचण स्कॅनरइतकीच मोलाची. कोड उतरवून घेतल्याशिवाय पुसू देऊ नका, आणि बदललेला पार्ट परत मागून घ्या.

एक धोक्याची सूचना. जुन्या जीप, ॲम्बॅसिडरमध्ये हवा काढायला मेस्त्री चालू इंजिनावर इंजेक्टरचे नट सैल करत. या इंजिनांत तसे कदापि करू नये. रेलमधला दाब १६०० बारपर्यंत जातो. इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. अशी जखम वरून लहान दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे.

दुसरी सूचना घाटासाठी. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या उतारावर इंजिन बंद पडले, तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका. एकदाच जोरात दाबून धरा, धोक्याचे दिवे लावा आणि गाडी डावीकडे घ्या. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. घरात जो कोणी ही गाडी चालवतो, त्या प्रत्येकाला एवढे तरी ठाऊक असायला हवे. नेहमीची बंद पडणारी गाडी मात्र दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊच नये.