पोट काय सांगते?

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांत भातलावणी सुरू झाली, की आईवडील दिवसभर खाचरात असतात. काही घरांतील तर पुण्या-मुंबईत नोकरीला. लहानग्यांचे खाणे, झोपणे, शी-शू सारे आजी-आजोबांच्या हाती येते. शरीराची भाषा शिकवणारे त्यांचे पहिले गुरूही तेच.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात १३ नैसर्गिक वेग अडवू नयेत, असे सांगितले आहे. मल, मूत्र, भूक, तहान, झोप, एवढेच नव्हे तर अश्रूही त्यांत येतात. मात्र तीन-चार वर्षांच्या मुलाला पोटातील अस्वस्थता भुकेची की शौचाची, हे नेहमी उमगतेच असे नाही. ते किरकिरते, पाय आवळते, मध्येच उकिडवे बसते. आपण त्याला हट्ट म्हणतो. त्याऐवजी त्या खुणेला नाव द्यावे : “पाय आवळतोयस, शू आली असेल. चल, जाऊन येऊ.” असे वारंवार ऐकले, की मूल हळूहळू स्वतःच सांगू लागते.

चार वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १८० मिलिलीटर, म्हणजे लहान पेलाभरच लघवी मावते. शौचालय अंगणापलीकडे, त्यात पाऊस आणि अंधार. मग मूल लघवी दाबून ठेवते. ही सवय जडल्यास मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होऊ शकतो. शौच रोखल्यास मलावरोध होतो. म्हणून दर दोन-तीन तासांनी छत्री धरून सोबत जावे. गारव्यात तहान जाणवत नाही, तेव्हा पाण्याचीही आठवण करावी. कपडे ओले झाले तर रागावू नये. धाकाने मूल सांगणेच सोडते.

जेवणाचेही तसेच. चिऊ-काऊचा घास मायेचा खरा. पण मुलाने मान फिरवली, ओठ मिटले, की तो पोट भरल्याचा निरोप समजावा. पुढचा घास बळेच भरवला, तर ते पोटाचे ऐकायचे सोडून ताटाकडे पाहून जेवायला शिकते. मऊ भात थोडाच वाढावा आणि विचारावे, “पोटात अजून जागा आहे का?” काय व केव्हा द्यायचे हे आपण ठरवावे, किती खायचे ते त्याने. वजनावर मात्र अंगणवाडीत लक्ष ठेवावे.

लघवी करताना मूल रडले, सर्दी-खोकल्याविना ताप आला किंवा अंथरूण कोरडे ठेवणारे मूल पुन्हा ओले करू लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. “इथे दुखते, असे दुखते” एवढे ज्याला सांगता येते, त्या मुलाचा आजार डॉक्टरांना लवकर कळतो.