भंगारातले लाल डबे



गळीत हंगाम आटोपला की कारखान्यात साफसफाई निघते आणि दरसाल स्टोअरच्या मागे भंगाराचा एक ढीग उभा राहतो. झिजलेल्या साखळ्या, फुटके पाइप, बॉयलरच्या काढलेल्या नळ्या असा सगळा माल. या ढिगात अलीकडे लाल रंगाचे डबेही दिसू लागले आहेत. हे डबे म्हणजे मुदत संपलेली अग्निशामक यंत्रे. कामगारांच्या भाषेत ‘फायरचे डबे’. भंगाराचा लिलाव किलोवर होतो, आणि लोखंड ते लोखंड म्हणून तेही वजनकाट्यावर चढतात. हे थांबले पाहिजे, एवढ्यासाठीच आम्ही हे लिहीत आहोत.

लिहिण्याला कारण घडले ते असे. आपल्या गव्हाणीवर काम करणाऱ्या एका हंगामी कामगाराचा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी एका भंगाराच्या दुकानात रोजंदारीवर जात होता. पितळेला लोखंडापेक्षा भाव जास्त, म्हणून जुन्या डब्यांचे व्हॉल्व्ह वेगळे करायचे काम त्याच्याकडे दिलेले. छिन्नी लावून त्याने हातोडा मारला, आणि व्हॉल्व्ह सुटला तो वरचा पत्रा फाडून गेला. सिलिंडर उलट्या बाजूला उडून भिंतीवर आदळला. पोराचा हात दोन ठिकाणी मोडला, आणि डाव्या कानाने त्याला अजून ऐकू येत नाही. आम्ही त्याला पाहायला गेलो तेव्हा दुकानातही डोकावलो. सिलिंडर कोपऱ्यात पडून होता. त्याच्यावर पांढऱ्या रंगात आपल्याच कारखान्याचा स्टोअर नंबर होता.

परत आल्यावर चौकशी केली, तर उत्तर मिळाले, “अहो, तो रिकामा होता.” कुणी पाहिलं होतं? तो कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. त्याला दाबाचा काटा नसतोच. आत वायू किती आहे हे फक्त वजन करून कळते, आणि ते वजन मानेवर ठोकलेल्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहावे लागते. ते कुणी केले नव्हते. भरलेल्या सिलिंडरात साधारण हवामानात साठ किलोच्या आसपास दाब असतो, म्हणजे ऊस वाहणाऱ्या ट्रकच्या चाकात असतो त्याच्या सात-आठपट. शिवाय एकतीस अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहतच नाही, तेव्हा दाब भराभर चढतो. वैशाखात पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल, ते आपणच ताडावे.

पावडरच्या डब्यांचे वेगळे. काहींना काटा असतो आणि आत पंधरा किलोच्या आसपास दाब कायम असतो; पण काटा शून्यावर दिसला म्हणजे डबा रिकामा असे नव्हे, काटाच अडकलेला असू शकतो. दुसऱ्या प्रकारात बाहेरच्या डब्यात दाब मुळीच नसतो, आत वायूची छोटी नळी बसवलेली असते. वरच्या बटनावर ठोसा बसला की ती फुटते आणि सगळा जोर त्या गंजक्या पत्र्यावर येतो. पोरं अशा डब्याशी खेळतात, बटन दाबून बघतात. तळ गंजलेला असला तर तो तळच उडतो. फार जुना सोडा-ॲसिडचा डबा कुणाच्या अडगळीत असेल, तर तो उलटा करू नये, ठोकू नये. त्यात ॲसिडची बाटली असते. हे डबे आता मानकातही नाहीत.

आणखी एक प्रकार आमच्या कानावर आला आहे. एका सभासदाने डब्यावर ‘मोनो अमोनियम फॉस्फेट’ वाचले आणि मनाशी म्हटले, हे तर आपले बारा-एकसष्ट-शून्य! डबा फोडून पावडर ठिबकच्या टाकीत ओतली. नाव एक असले तरी माल एक नाही, बरं का. डब्यातल्या पावडरीत इतर द्रव्ये मिसळलेली असतात, आणि ओल धरू नये म्हणून तिला सिलिकॉनचा लेप दिलेला असतो. ती पाण्यावर तरंगते, विरघळत नाही. लॅटरल चोंदल्या, दोन दिवस ड्रिपर धुण्यात गेले. दुसऱ्या जातीची पावडर म्हणजे खाण्याचा सोडा, सोडियमचा क्षार. ज्यांनी डोळ्यांदेखत जमिनी चोपण होताना पाहिल्या, त्यांना सोडियम शेतात का नको, हे आम्ही काय सांगावे?

फेसाच्या डब्याबद्दल मात्र सांगितलेच पाहिजे. जुन्या फेसात फ्लोरिनयुक्त रसायने असतात, ती वर्षानुवर्षे नाश पावत नाहीत. त्यांतल्या एकाला २००९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत घालून जगभर आवर घातला गेला. असा फेस ओढ्यात, कालव्यात किंवा विहिरीच्या कडेला रिकामा केला, तर तो आपल्याच पिण्याच्या पाण्यात येतो. तो घातक कचरा समजून रांजणगाव, तळोजा येथे जी प्रक्रिया केंद्रे आहेत तिकडे पाठवावा, असे आमचे मत. हॅलॉनचा डबा तर उघडूच नये. ओझोनच्या थरासाठी १९८७ च्या माँट्रियल करारात त्याच्यावर बंधन आले, आपल्या देशातही २००० सालापासून त्याचे नियम आहेत. तो वायू परत काढून साठवता येतो, हवेत सोडायचा नसतो.

आता कायद्याचे. वायूच्या सिलिंडरांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत आणि ते पाहणारी पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना आपल्या नागपुरातच आहे. नियम सांगतो की निकामी ठरलेला सिलिंडर चेपून सपाट करावा, किंवा असा कापावा की तुकडे पुन्हा जोडून सिलिंडर होऊ नये, आणि त्याची नोंद बंद करावी. अख्खा सिलिंडर वजनावर विकणे या नियमात कुठे बसते, ते आम्हाला कुणी दाखवून द्यावे. मुदतीबद्दल म्हणाल तर भारतीय मानक २१९० च्या २०१० च्या आवृत्तीत पाणी, फेस व पावडरच्या डब्याचे आयुष्य दहा वर्षे आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचे पंधरा वर्षे धरले आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो, तो आपला कारखाना देतोच. पण तो दाखला भिंतीवर टांगलेल्या डब्यांचा. भिंतीवरून उतरलेल्या डब्याला विचारणारे कुणी नाही.

काहीजण म्हणतात, एजन्सी जुना डबा घेऊन नवा देते, मग प्रश्नच मिटला. मिटत नाही. जुन्या डब्याला नवा लाल रंग मारून तो दुसऱ्याच्या भिंतीवर चढवणारेही लोक या धंद्यात आहेत. तेव्हा डबा देताना मानेवर ठोकलेला नंबर लिहून घ्यावा, आणि डबा रिकामा करून, उघडून, कापल्याचा लेखी दाखला त्या नंबरासकट मागावा. कापण्याचे काम आपल्या वर्कशॉपमध्येही होऊ शकेल, पण आत दाब नाही अशी जाणत्या माणसाने खात्री करून दिल्यावरच, आणि उघड्यावर. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडला तर माणूस गुदमरतो.

खर्चाची ओरड होईल हे आम्ही जाणतो. पावडरच्या एका डब्याचे नुसते लोखंड तीन-चार किलो भरते. त्याचे पैसे किती येतात आणि त्यासाठी काय पणाला लागते, हा हिशेब सभासदांनी स्वतः करावा. ज्या डब्यांचे अंग अजून शाबूत आहे आणि जे केवळ रिफिलसाठी उतरवले आहेत, ते तरी फुकट रिकामे करू नयेत. बगॅसच्या यार्डात आणि डिस्टिलरीत कामगारांना बोलावून त्यांच्या हातून ते चालवून घ्यावेत. डबा हातात घेतलेला माणूस आगीत गोंधळत नाही. आपल्याकडे निम्म्या लोकांनी पिनसुद्धा ओढून पाहिलेली नाही.

हे सारे संचालक मंडळावर टीका म्हणून आम्ही लिहीत नाही. लिलावाच्या यादीवर नजर टाकून सही करणाऱ्यांत आमच्यापैकीही काही आहेत. सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा होईल, तीत आयत्या वेळच्या विषयात आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत. एक, कापल्याच्या दाखल्याशिवाय कोणताही फायरचा डबा भंगाराच्या निविदेत घालू नये, आणि सभासदांच्या घरचे, दूध संस्थेचे, शाळेचे, जीप-ट्रॅक्टरवरचे जुने डबे बिगरहंगामात एक दिवस ठरवून गट ऑफिसवर जमा करून घ्यावेत. तोपर्यंत कुणी ते फोडू नयेत, दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नयेत, उन्हात ठेवू नयेत. दुसरी गोष्ट त्या मुलाची. त्याच्या हाताच्या शस्त्रक्रियेचे बिल बापाने रिटेन्शनच्या पैशांतून आणि सावकाराकडून उचलून भागवले आहे. ते बिल कारखान्याने द्यावे, असा ठराव आम्ही आणतो आहोत. सूचक आम्ही आहोत. अनुमोदन सभासदांतून हवे.