खाजणाचा धनी कोण?

ज्या जमिनीवर दिवसातून दोनदा समुद्र येऊन जातो, तिला पडीक म्हणण्याची महसुली चाल फार जुनी आहे. पीक नाही, म्हणून सारा नाही. सारा नाही, म्हणून तिची किंमत नाही. आणि किंमत नाही, म्हणून तिच्यावर भराव टाकण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, असा हा सरळ हिशेब. मुंबई शहर याच हिशेबावर पसरत गेले. मिठी नदीच्या मुखाशी असलेल्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, भरतीने खाडीचे तोंड अडवले, आणि पसरायला जागा न उरलेले पाणी नदीकाठच्या झोपड्यांत शिरले. भरावाचा नफा एका वर्गाने घेतला, पाणी मात्र दुसऱ्या वर्गाच्या घरात आले.

खाजण काय काम करते, याविषयी आता शास्त्रज्ञांत मतभेद उरलेले नाहीत. तिवर, कांदळ, चिपी ही झाडे लाटांचा जोर मोडतात. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात गाळ अडकतो आणि किनारा टिकतो. कोळंबी, खेकडे आणि रायगडकरांचा लाडका जिताडा यांची पिल्ले याच उथळ पाण्यात वाढतात. म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचे भवितव्य या चिखलात ठरते. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसल्याने गळलेली पाने व मुळ्या अतिशय सावकाश कुजतात, आणि त्यांतील कार्बन शतकानुशतके गाडलेला राहतो. इतके बिनपगारी काम करणारी जमीन पडीक कशी?

न्यायालयांना हे पटले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांची तोड थांबवली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ही तोड घटनेच्या एकविसाव्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवली. कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा, सार्वजनिक कामासाठी तोड अटळ असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी, असेही बंधन घातले. वनखात्यात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली ते रामसर यादीत गेले. या गोष्टींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांमागे नागरिकांच्या चिकाटीचा लढा आहे.

परंतु संरक्षणातून पुनरुज्जीवनाकडे वळताच सरकारी यंत्रणेचे प्रेम रोपांच्या आकड्यांवर जडते. एका ठिकाणचे खाजण बुजवायचे, दुसरीकडे अमुक हजार रोपे लावल्याचा अहवाल द्यायचा, की हिशेब मिटला! फिलिपिन्समध्ये अनेक वर्षे असेच चालले. तेथील पाहणीत लावलेल्या रोपांपैकी सर्वसाधारणपणे दहा ते वीस टक्केच जगल्याचे दिसले. कारण साधे आहे. कांदळ सरासरी समुद्रपातळीच्या वरच्या पट्ट्यात वाढतो; त्याखालच्या उघड्या चिखलात त्याला लावले तर तो बुडून मरतो. शिवाय तो उघडा चिखल रिकामा नसतोच. फ्लेमिंगो आपले अन्न तेथेच शोधतात. फ्लोरिडात रॉबिन लुईस या संशोधकाने वेगळा मार्ग दाखवला. आधी भरतीच्या पाण्याची अडलेली वाट मोकळी करा, जमिनीची पातळी नीट करा. मग बिया पाण्याबरोबर येतात आणि झाडे आपसूक उगवतात. पण भराव काढायचा म्हणजे भराव टाकणाऱ्याला जाब विचारणे आले. रोपे लावण्यात ती अडचण नाही.

याहून बिकट प्रश्न अलिबाग-पेणच्या खारेपाटातला आहे. येथल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या चिखलाचे बांध घालून, उघाड्या बसवून खाऱ्या जमिनीतून भात काढले. उधाणाने बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री सारा गाव चिखलात उतरे. याच भागात चरीच्या कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो सहा वर्षे चालवला. खोती गेली. १९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा झाला. तरी जे बांध शासकीय योजनेत आले नाहीत, ते खाजगी म्हणून शेतकऱ्याच्याच माथी राहिले, आणि जे योजनेत आले त्यांचीही दुरुस्ती निधीची वाट पाहत राहिली. बार्जेसच्या लाटांनी बांध कापले जातात, ही धरमतर खाडीकाठची जुनी तक्रार आहे. एकदा खारे पाणी शिरले की मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. पनवेलच्या संशोधन केंद्राने काढलेल्या क्षार सोसणाऱ्या भातजातीही भरतीत बुडालेल्या शेतात काय करणार? बांध वर्षानुवर्षे फुटका राहिला की शेतात तिवर उगवतो. निसर्गाच्या दृष्टीने ते पुनरुज्जीवनच. पण सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे, झाड तोडायचे नाही, पीक घ्यायचे नाही, आणि बांध सांधताना कांदळ आड आला तर परवानगीसाठी थेट उच्च न्यायालय! सरकारने दुरुस्ती न केल्याची शिक्षा शेतकऱ्याला झाली, आणि तिला पर्यावरणाचे नाव मिळाले.

म्हणून शेतकऱ्याला कांदळाचा शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे. बांधाबाहेरचा तिवर हाच बांधाची ढाल असतो, हे खारेपाटातल्या म्हाताऱ्यांना कोणत्याही प्रबंधाशिवाय ठाऊक आहे.

गोव्याच्या खाजनांची कथा समाजवाद्यांना अधिक बोचणारी आहे. तेथे बांध आणि मानस गावकरी सांभाळीत असे. कूळकायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीने जमीन कसणाऱ्याची झाली. हे न्याय्यच होते. बांधाची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. पण मानशीवरील मासेमारीचा लिलाव भातापेक्षा जास्त पैसा देऊ लागला, तेव्हा अनेक ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले आणि शेते नासली. जमिनीचे वाटप केले, सामाईक श्रमाची रचना मात्र मोडू दिली, हा दोष पुरोगामी कायदे करणाऱ्यांनीही मान्य करावा.

केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी तर भातखाचरे आणि मिठागरे व्याख्येतूनच वगळली. २०२४ साली मुंबईतील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्यास केंद्राने मान्यता दिली. झोपडीवासीयाला घर हवे, यात वाद नाही. पण त्याला शहराच्या काठावर, पाणी मुरण्याच्या जागी नेऊन बसवायचे आणि मोक्याची जमीन बाजाराला मोकळी करायची, ही योजना २६ जुलैच्या आठवणीने तपासली पाहिजे.

खारेपाटातील कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. कोणत्या गावचा बांध कोणत्या वर्षी फुटला, त्यासाठी किती अर्ज गेले, आणि आज किती एकरांवर तिवर उभा आहे, याची सातबाऱ्यासह नोंद गावोगाव करावी. जेथे शेत परत मिळवणे शक्य आहे तेथे बांध सरकारी खर्चाने व्हावा. जेथे कांदळवन पक्के झाले आहे तेथे ते राखण्याचा वार्षिक मोबदला जमीनमालक शेतकऱ्याला आणि राखणीचे काम तिथल्याच भूमिहीनांना व कोळ्यांना मिळावे. कांदळवनातील कार्बनची बाजारात किंमत ठरू लागली आहे. ती कोणाच्या खात्यात जमा होणार, हे ठरण्याआधी ही नोंद तयार असली पाहिजे.